हलका हात

दवाखान्यात तिला मोठ्या सिस्टर म्हणत आणि घरी धाकटी. सत्तावन्न वर्षांच्या, गुडघे कुरकुरणाऱ्या बाईला धाकटी म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे अक्का. अक्का तिच्याहून चोवीस वर्षांनी मोठी. आई बाळंतपणातच गेली, तेव्हा अक्काने हा तान्हा जीव उचलला तो उचललाच. स्वतःचं लग्न, संसार त्या धांदलीत राहून गेलं, पण त्याचं तिने कधी भांडवल केलं नाही. दिवसभर छापखान्यात प्रुफं तपासायची आणि संध्याकाळी घरी येऊन धाकटीच्या वह्या. शाळेतल्या बाई त्या एकदा तपासत, अक्का दोनदा.

चाळीस वर्षं हेच काम केल्यावर अक्काच्या हातात लाल पेन्सिल जणू बोटासारखी उगवली होती. औषधाच्या बाटलीवरचा मजकूरही ती पेन्सिल घेऊन वाचायची. इमारतीच्या जिन्यात लावलेल्या नोटिशीत तिने एकदा सात चुका दुरुस्त केल्या आणि खाली ‘पुन्हा लिहावे’ असा शेरा मारला. तेव्हापासून इमारतीचे सेक्रेटरी तिच्या दारावरून जाताना पावलं न वाजवता जायचे.

त्या वर्षी अक्काचं रक्त कमी व्हायला लागलं. जिना चढताना धाप, हात पांढरेफटक. दोनदा रक्त तपासलं, गोळ्या झाल्या, शेवटी डॉक्टर म्हणाले की पोटातून कुठे झिरपतंय का ते दुर्बीण घालून पाहावं लागेल. आता दुर्बिणीची खोली म्हणजे धाकटीचं राज्य. एकोणीस वर्षं ती तिथे मुख्य सिस्टर होती. घरचीच वाट म्हणायची. पण अक्का अडून बसली.

“माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी माझी मैत्रीण गेली होती या तपासणीला,” अक्का म्हणाली. “परत आली, पण सगळी नाही आली. काहीतरी तिथेच राहिलं तिचं. मला मरायची भीती नाही. अर्धी परत यायची आहे.”

“अगं, ते दुसरीकडे. आमच्या सरांच्या हातून गेल्या अठरा वर्षांत एकाही म्हाताऱ्या माणसाला काही झालेलं नाही.”

“गुंगीचं इंजेक्शन देतात ना? मला किती देणार?”

“नेहमीचं.”

“नेहमीचं म्हणजे किती?”

“अक्का, तू ते आमच्यावर सोड.”

“सोडते. पण हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही.” अक्काने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मग स्वतःच नमतं घेतलं. “तू असशील ना तिथे?”

“मी असेन.”

“मग झालं,” अक्का म्हणाली, आणि पुन्हा विचारलं नाही.

धाकटीला आकडा माहीत नव्हता असं नाही. या शहरात तो तिच्याइतका कुणालाच माहीत नव्हता. पण तो सांगायचा तर त्याच्या मागची सगळी कहाणी सांगावी लागली असती, आणि ती अक्काला सांगण्यासारखी नव्हती.

कहाणी अशी. त्या खोलीत सर आले तेव्हा तरुण होते, हाताला वेग होता, आणि गुंगीच्या इंजेक्शनचा त्यांचा एकच हिशेब होता: पाच मिलिग्रॅम, सगळ्यांना. रोज वीस-पंचवीस पेशंट, प्रत्येकाचं वेगळं लिहायला वेळ कुणाला? म्हणून त्यांनी एक रबरी शिक्काच करून घेतला होता. ‘गुंगीचे इंजेक्शन ५ मि.ग्रॅ. दिले.’ सिस्टरने नोंदवहीत शिक्का मारायचा, खाली सही करायची, पुढचा पेशंट.

पहिल्याच वर्षी एक निवृत्त पोस्टमन टेबलावर निळे पडले. वाचले, पण धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. संध्याकाळी तिने धीर करून विषय काढला. “सर, वय झालेल्यांना पाच जास्त होतं. एक देऊन थोडं थांबलं, मग लागलं तर अर्धं, असं केलं तर...”

“सिस्टर, या खोलीत डॉक्टर किती आहेत?” सरांनी विचारलं.

“एक.”

“मग झालं तर.”

सगळे हसले. धाकटीही हसली, कारण न हसून कुठे जाणार होती? त्या दिवसापासून तिने तोंड बंद केलं आणि अंगठा आवरला. सिरिंज पाचाचीच भरायची. पण टेबलावर म्हातारं माणूस असलं, की एकच द्यायचं आणि थांबायचं. म्हाताऱ्या रक्ताला डोक्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. घाई करणारे पहिला डोस पोचायच्या आत दुसरा धाडतात, आणि मग दोन्ही एकदम पोचतात. ती दोन मिनिटं मिळवायला तिने एक बहाणा शोधून ठेवला होता. “सर, चिमटा नीट बसत नाहीये,” असं म्हणत ती पेशंटच्या बोटावरचा, रक्तातला ऑक्सिजन दाखवणारा चिमटा काढायची, पुसायची, परत लावायची. एकोणीस वर्षांत त्या चिमट्याइतकी बदनामी कुणाची झाली नसेल. तोवर पेशंटच्या पापण्या जड व्हायच्या. बहुतेकांचं दीडमध्ये भागायचं. उरलेलं साडेतीन कचऱ्यात जायचं, आणि वहीत शिक्का बसायचा: पाच.

हे खोटं आहे, हे तिला कळत होतं. पहिले काही महिने शिक्का मारताना तिचा हात जड व्हायचा. मग सवय झाली. माणसं सुखरूप घरी जात होती, वहीला कोण विचारतं, असं तिने स्वतःला समजावलं.

एके दिवशी सरांनी सहज ट्रे सरकवला आणि त्यांना ती अर्धीअधिक भरलेली सिरिंज दिसली. त्यांनी सिरिंजकडे पाहिलं, टेबलावर शांत झोपलेल्या आजोबांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. नोकरी गेली, असंच तिला वाटलं. सर म्हणाले, “तुमचा हात हलका आहे, सिस्टर. असाच राहू द्या.” आणि त्यांनी दुर्बीण उचलली.

एवढंच. पण तेव्हापासून टेबलावर पिकलं डोकं आलं की सर म्हणायचे, “नेहमीचं. हलक्या हाताने.” आणि धाकटी दीड द्यायची. शब्द दोघांमधला होता. त्याचा तिला केवढा अभिमान! डॉक्टरने सिस्टरचं ऐकलं, आणि ऐकलं असं न म्हणता ऐकलं, यापेक्षा मोठा मान तिला कुणी दिला नव्हता. तिने तो मिरवला नाही, पण उराशी धरून ठेवला.

पुढे सरांनी त्या वहीवरून एक लेख लिहिला. सत्तरीपुढच्या अकराशे रुग्णांना पूर्ण मात्रा देऊनही धोका नाही, असा. त्याला कुठल्याशा परिषदेत प्रशस्तिपत्र मिळालं. ते चौकटीत बसून खोलीच्या भिंतीवर आलं, आणि खाली सगळ्यांचा फोटो निघाला. फोटोत धाकटी सरांच्या शेजारी उभी आहे, आणि हसते आहे. त्या अकराशेंपैकी एकालाही पाच मिळालेलं नाही, हे त्या फोटोतल्या दोन माणसांना माहीत होतं. निदान तिला तरी तसं वाटत होतं.

अक्काच्या तपासणीच्या आदल्या दिवशी सर म्हणाले, “उद्या तुम्ही सिस्टर नाही, नातेवाईक. घरच्या माणसावर आपण काम करायचं नाही, नियम आहे.” नियम बरोबरच होता. बदली म्हणून वरच्या वॉर्डातल्या सिस्टर आल्या. त्यांना सगळे पट्टीबाई म्हणत, कारण त्या वहीत रेघही पट्टीशिवाय मारायच्या नाहीत. पट्टीबाईंनी आदल्या दिवशीच खाली येऊन वही मागितली आणि ऐंशीच्या आसपासचे पेशंट शोधून शोधून पाहिले. पाच. पाच. पाच.

“वयस्करांसाठी काही वेगळं करता का तुम्ही?” पट्टीबाईंनी सरळ विचारलं.

धाकटीने तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण समोर भिंतीवर ती चौकट होती, आणि त्याच वेळी सर हात पुसत आत आले. “काळजी करू नका सिस्टर, त्यांना मी सांगतो काय ते,” ते धाकटीला म्हणाले. तिला हायसं वाटलं. सर सांगणार होते. तिला बोलावं लागणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का टेबलावर डाव्या कुशीवर निजली. दात काढून डबीत, चष्मा धाकटीच्या खिशात. तोंडात ते प्लॅस्टिकचं कडं बसवल्यावर तिचा चेहरा रागावलेल्या लहान मुलासारखा दिसायला लागला. धाकटी तिच्या उशाशी बसली, हात हातात घेतला. मागून सरांचा आवाज आला. “नेहमीचं. हलक्या हाताने.”

झालं. धाकटीचे खांदे सैल पडले. तिने पाठीमागे वळूनही पाहिलं नाही. कशाला पाहायचं? शब्द दिला गेला होता. ती अक्काच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, “नाकाने श्वास घे, अक्का. मी आहे.”

पट्टीबाईंनी आज्ञा तंतोतंत पाळली. नेहमीचं म्हणजे वहीत होतं ते. हलक्या हाताने म्हणजे हलक्या हाताने. त्यांनी अर्धा मिनिट घेऊन, अगदी न दुखवता, पाचच्या पाच दिलं.

अक्काचा हात धाकटीच्या हातात आधी ऊबदार झाला, मग जड, आणि मग तो नुसता एक हात राहिला. धाकटीने मान वळवली. ट्रेमध्ये सिरिंज होती आणि ती रिकामी होती. बोटाच्या चिमट्याचा आवाज बदलायला लागला. सर दुर्बीण आत सरकवत होते आणि म्हणाले, “तो चिमटा नेहमीच असं करतो.”

त्या वेळी चिमटा खरं बोलत होता. चौऱ्याऐंशी. एकोणऐंशी. छाती हलत नव्हती. नातेवाईक असलेली बाई ताडकन उठली. तिने सरांच्या हाताखालून अक्काची हनुवटी वर उचलली आणि म्हणाली, “काढा ती. बाहेर काढा आधी.” सरांनी दुर्बीण काढली. पट्टीबाईंनी फुगा दिला, धाकटीने तो तोंडावर दाबून श्वास भरला. चौसष्टवर आकडा थांबल्यासारखा झाला. उताऱ्याचं औषध होतं, पण ते खोलीत नव्हतं. औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या धाकटीच्या लॉकरमध्ये, कारण ती आज नातेवाईक होती. किल्ली आणायला, कुलूप उघडायला, काचेची कुपी फोडायला जो वेळ गेला, तो तिने पुढे पुष्कळदा मोजला आणि प्रत्येक वेळी तो वेगळा भरला. मध्येच अक्काला उलटी झाली आणि त्यातलं काही छातीत गेलं.

अक्का वाचली. दोन दिवस श्वासाच्या मशीनवर, अकरा दिवस न्युमोनियाने पलंगावर. आणि जाग आली तेव्हा तिचे शब्द हरवायला लागले होते. सगळे नाहीत. एखादा. उशाशी ठेवलेल्या पेन्सिलीकडे बोट दाखवून ती म्हणाली, “ते दे. ते... लाल. खुणा करायचं.” मग डोळे मिटून स्वतःच शोधत राहिली, आणि सापडला नाही तेव्हा भिंतीकडे वळली. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द नीट लावले, तिला पेन्सिल हा शब्द सापडेना. धाकटी बाहेर जाऊन बेसिनपाशी रडली.

तिसऱ्या दिवशीच ती सरांच्या खोलीत गेली होती. सरांनी उठून दार लावून घेतलं, चहा मागवला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच ती त्यांच्यासमोर खुर्चीवर नीट टेकून बसली आणि तिने सगळं सांगितलं: दीड, दोन मिनिटं, कचऱ्यातलं औषध, शिक्का. “हे आपल्या दोघांनाच माहीत होतं सर. पट्टीबाईंना कसं कळणार? त्यांची काहीच चूक नाही. आपण सांगून टाकू.”

“सांगायचंच आहे,” सर म्हणाले. त्यांचा आवाज इतका मऊ तिने कधी ऐकला नव्हता. “चौकशी समिती बसेल. आपण दोघं मिळून सांगू. तोवर तुम्ही काही लिहून देऊ नका. अक्कांकडे बघा.”

ती खोलीबाहेर आली तेव्हा तिला हलकं वाटत होतं. केवढी भोळी बाई! सत्तावन्न वर्षांची, शेकडो माणसांचा श्वास नुसत्या नजरेने ओळखणारी, आणि समोरच्या माणसाचा सूर तिला ओळखता आला नाही.

आठ दिवसांनी अधीक्षकांच्या कारकुनाने एक लिफाफा आणून दिला. सरांच्या जबाबाची प्रत, आणि चार दिवसांत लेखी उत्तर द्यावं असा आदेश. तिने तो जिन्यात उभ्या उभ्याच वाचला. ‘रुग्णास नियमित मात्रेत गुंगीचे औषध देण्यात आले. औषध संथपणे देण्याची स्पष्ट सूचना देण्यात आली होती. तिचे पालन झाले किंवा नाही हे सांगता येत नाही. वरिष्ठ परिचारिका गेली अनेक वर्षे आदेशाविरुद्ध परस्पर मात्रा कमी करीत होत्या व नोंदवहीत खोट्या नोंदी करीत होत्या, असे त्यांच्याच कबुलीवरून आता प्रथमच निदर्शनास आले आहे. त्यामुळे प्रस्तुत लेखकाची दिशाभूल झाली.’

प्रथमच. तिने तो शब्द तीनदा वाचला. जे तिने दार लावलेल्या खोलीत विश्वासाने सांगितलं होतं, तेच उचलून तिच्या गळ्यात बांधलं होतं. आणि पट्टीबाईंच्याही.

सर तिला दुर्बिणीच्या खोलीच्या दाराशी भेटले. हातमोजे चढवत होते.

“सर, तुम्हाला माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“हलका हात.”

सरांनी दुसरा मोजा ओढून बसवला. “सिस्टर, हात हलका आहे म्हणजे इंजेक्शन दुखत नाही. सगळेच म्हणतात तसं. तुम्ही त्याचा काय अर्थ घेत होतात, हे मला कसं कळणार?” त्यांनी तिच्याकडे दयेने पाहिलं. ती दया तिच्या जिव्हारी लागली. रागाने पाहिलं असतं तर तिने सोसलं असतं. एकोणीस वर्षं उराशी धरलेला मान त्यांनी एका वाक्यात तिच्या गैरसमजाच्या खात्यावर टाकला, आणि गंमत अशी की तो खोडून काढायला तिच्याकडे पुरावा नव्हता. पुरावा सगळा वहीत होता, तिच्या सहीने, आणि तो सरांच्या बाजूचा होता.

अक्का घरी आली होती. दुपारच्या उन्हात खिडकीशी खुर्ची टाकून बसायची, मांडीवर जुनं मासिक, हातात पेन्सिल. हा शब्द तिला परत सापडला होता. दुसरे जात होते. बोलता बोलता ती मध्येच थांबायची आणि धाकटीने शब्द सुचवला की चिडायची. पण छापलेल्या ओळीवर नजर पडली की तीच जुनी अक्का असायची.

धाकटीने उत्तर लिहायला घेतलं. तीन कागद फाडले, चौथा पूर्ण केला. मग लहानपणीच्या सवयीने, काही विचार न करता, तो अक्कापुढे धरला. धरल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण काय केलं. अक्काला तिने अजून काहीच सांगितलं नव्हतं. ‘तब्येतीला झेपलं नाही’ एवढंच सांगितलं होतं.

अक्काने कागद घेतला. ‘डॉक्टरांच्या जबाबाची प्रत मिळाली’ ही पहिली ओळ वाचली. पेन्सिल उचलली.

“‘वयस्कर रुग्णांना पाचऐवजी दीड मि.ग्रॅ. मात्रा दिली जात असे,’” ती सावकाश वाचत म्हणाली. “कोण देत असे?”

धाकटीने कागद परत घ्यायला हात पुढे केला.

“‘वहीत मात्र पूर्ण मात्रेची नोंद होत असे.’ आपोआप होत असे?” पेन्सिलने ‘होत असे’खाली रेघ ओढली. “‘बदली सिस्टरना याची कल्पना देण्यात आली नाही.’ कुणाकडून?” पुन्हा रेघ. “धाकटे, या पानात एकाही वाक्याला कर्ता नाही. पाचवीत तुला शिकवलं होतं मी. क्रियापदाला कोण असं विचारायचं.”

“अक्का...”

“ती कागदाची प्रत कुठे आहे? ते... त्या माणसाची. ज्याचा...” शब्द सापडेना. तिने हात हलवला. “तो.”

धाकटीने सरांचा जबाब पुढे ठेवला. अक्काने तो पूर्ण वाचला, एकही खूण न करता. मग म्हणाली, “हेही तसंच. देण्यात आले, झाले, आले आहे. तुम्ही दोघं एकाच छापखान्यातले.”

आयुष्यात अक्काने तिला पुष्कळ वेळा रागावलं होतं. एकदा पायात चप्पल न घालता शाळेत गेली म्हणून मारलंही होतं. पण असं वाक्य कधी बोलली नव्हती. धाकटीला सरांची दया लागली नव्हती इतकं ते वाक्य लागलं, कारण ते खरं होतं.

“मी तुला विचारलं होतं, मला किती देणार,” अक्का म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “तुला आकडा माहीत होता. तू मला सांगितला असतास, तर टेबलावर पडल्या पडल्या मीच त्या बाईला सांगितलं असतं, बाई, दीड. दीड म्हणायला मला तेव्हा येत होतं.”

धाकटीने पाचवा कागद घेतला.

‘मी एकोणीस वर्षे वयस्कर रुग्णांना पाचऐवजी दीड मिलिग्रॅम देत होते. मी वहीत पाचचा शिक्का मारत होते. ते खोटे होते. पोस्टमन निळे पडले त्या वर्षी मी डॉक्टरांना सांगितले होते, त्यांनी ऐकले नाही. नंतर त्यांनी उरलेली सिरिंज पाहिली, आणि ते मला हलक्या हाताने द्या असे सांगू लागले. त्याचा अर्थ काय हे त्यांना माहीत होते. याला पुरावा नाही. बदली सिस्टरनी वही पाहून, मला विचारून, सांगितले तेच केले. मला विचारले तेव्हा मी गप्प राहिले. माझ्या बहिणीने विचारले तेव्हाही मी सांगितले नाही.’

अक्काने वाचलं. एका ठिकाणी स्वल्पविराम घातला. कागद परत दिला.

समितीने पट्टीबाईंना निर्दोष ठरवलं. धाकटीला चादरींच्या भांडारात पाठवलं, निवृत्तीला तीन वर्षं असताना. सरांना समज देण्यात आली. कुणी दिली, हे कागदावर नव्हतं. पण रबरी शिक्का जमा झाला, प्रत्येक डोस हाताने लिहायचा आणि मोठ्याने बोलायचा असा आदेश निघाला, आणि भिंतीवरची चौकट उतरली. खिळा अजून आहे म्हणतात. धाकटी पुन्हा त्या खोलीत गेली नाही. जिन्यात सर दिसले की ती तोंड फिरवते. त्यांना माफ करणं तिला जमलेलं नाही आणि तिने प्रयत्नही केलेला नाही.

अक्काचं रक्त मात्र अजून कमीच होतं, आणि ते का हे कुणी पाहिलंच नव्हतं. चार महिन्यांनी अक्का स्वतःच म्हणाली, “पाहून टाकू.” दुसऱ्या दवाखान्यात नाव घातलं. तिथे भूल देणाऱ्या डॉक्टरबाई आधी येऊन अक्काच्या समोर बसल्या. झोपेची गोळी घेता का, घोरता का, किती पायऱ्यांवर धाप लागते, मागच्या वेळी काय झालं. धाकटी उत्तर द्यायला पुढे झाली तर डॉक्टरबाई म्हणाल्या, “त्यांना बोलू द्या.” अक्काला शब्द शोधायला वेळ लागत होता. डॉक्टरबाई थांबल्या.

आत न्यायची वेळ झाली. तिथल्या सिस्टरनी विचारलं, “आजी, सोबत कुणी येणार आत? या तुमच्या बहीण ना? आमच्याच धंद्यातल्या आहेत, येऊ दे त्यांना.”

“नको,” अक्का म्हणाली. “ती बाहेर बसेल.”

तिने दात काढून डबीत ठेवले, चष्मा काढला, आणि दोन्ही धाकटीच्या हातात दिलं. दार लागलं.

नातेवाइकांच्या बाकावर धाकटी पहिल्यांदा बसली. बाक अरुंद होता आणि भिंतीला पाठ लागली की गार लागायचं. समोरच्या बंद दारामागे काय काय चाललं असेल ते तिला पायरीपायरीने माहीत होतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता. दारापलीकडून एका बाईचा आवाज आला, “एक. एकच, आणि थांबा.” दुसऱ्या आवाजाने तेच परत म्हटलं, “एक. थांबते.” मग शांतता. ती मनात सेकंद मोजायला लागली, आणि साठाच्या पुढे तिला मोजता आलं नाही.

चाळीस मिनिटांनी चाकाची खुर्ची बाहेर आली. अक्का जागी होती. चेहरा उतरलेला, पण डोळे आपल्या जागी. जठरात एक जखम होती, गोळ्यांनी भरेल म्हणाले. धाकटी उठली, बाकाला धरून.

“मी त्यांना विचारलं, किती देणार,” अक्का दातांशिवाय बोबडं बोलत म्हणाली. “त्यांनी सांगितलं.”

धाकटीने दातांची डबी पुढे केली. झाकण घट्ट होतं, म्हणून ती उघडून द्यायला लागली, तर अक्काने तिचा हात बाजूला केला आणि डबी स्वतःच उघडली.